१९१६ साल, धर्माचे समाजशास्त्र आणि मध्यप्रांतातून गेलेली माहिती

धंतोलीकर

धर्माच्या समाजशास्त्राचा इतिहास आपल्याकडे सांगितला जातो तेव्हा त्याची वाट ठरलेली असते. आधी फ्रेंच विचारवंत ऑग्यूस्त कोंत आणि मानवी विचार धार्मिक, तात्त्विक आणि वैज्ञानिक टप्प्यांतून जातो हा त्यांचा तीन अवस्थांचा सिद्धान्त, मग मार्क्सचे अफूचे वाक्य (तेही अर्धेच, कारण धर्म हा पिडलेल्या जिवाचा उसासा आहे असे मार्क्सने त्याच परिच्छेदात म्हटले आहे), त्यानंतर फ्रान्सचे एमिल दुर्खीम, त्यानंतर जर्मनीचे माक्स वेबर, आणि अगदी शेवटी 'भारतातील अभ्यास' या मथळ्याखाली घुर्ये आणि श्रीनिवास यांची दोन-दोन पाने. परीक्षेसाठी हा क्रम सोयीचा आहे आणि तो खोटाही नाही. पण त्यातून असा ग्रह होतो की सिद्धान्त युरोपात सिद्ध झाले आणि आपल्याकडे ते आयते आले. नागपुरात बसून पाहिले तर हा इतिहास बराच वेगळा दिसतो, म्हणून हा चर्चेचा धागा.

एकच साल घेऊ. १९१६ मध्ये लंडनच्या मॅकमिलन कंपनीने आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील (ब्रिटिश काळातला, नागपूर राजधानी असलेला प्रांत) जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रकाशित केला. त्याच वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर आपला निबंध वाचला. आणि त्याच वर्षी माक्स वेबर यांचा हिंदू व बौद्ध धर्मांवरील अभ्यास, ते स्वतः संपादकांपैकी एक असलेल्या जर्मन नियतकालिकातून क्रमशः येऊ लागला. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण वसाहतीच्या कारभाराने जमवलेल्या माहितीशी तिघांचाही संबंध होता. वेबर भारतात कधीच आले नाहीत. त्यांची मोठी भिस्त १९०१ आणि १९११ च्या जनगणना अहवालांवर होती आणि त्या अहवालांची त्यांनी तोंडभरून स्तुतीही केली आहे. त्या मालिकेतला १९०१ चा मध्यप्रांताचा खंड रसेल यांनीच सिद्ध केला होता. आंबेडकरांच्या निबंधात जातीचे अभ्यासक सेनार, नेसफील्ड आणि रिस्ले यांच्या जोडीला श्रीधर व्यंकटेश केतकर यांची जातीची व्याख्या तपासलेली आहे, आणि चौघांत केतकरांना त्यांनी सर्वांत गंभीरपणे घेतले आहे. हे केतकर म्हणजे तेच, ज्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कामाची सुरुवात नागपुरात झाली.

थोडे मागे जाऊ. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसार हे त्यांचे काम, पण गोंडांची भाषा, त्यांचे देव आणि त्यांचा पुराणपुरुष लिंगो याचे दीर्घ गीत त्यांनी उतरवून घेतले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ते पुरात बुडाले, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापले. त्याच फ्री चर्चचे दुसरे विद्वान विल्यम रॉबर्टसन स्मिथ. बायबलकडे ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून पाहिल्याबद्दल त्यांच्यावर पाखंडाचा आरोप झाला आणि १८८१ मध्ये अॅबर्डीनच्या अध्यासनावरून त्यांना दूर करण्यात आले. सेमिटिक धर्मांवरील त्यांची व्याख्याने १८८९ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की प्राचीन धर्मात आधी विधी येतो आणि मागाहून श्रद्धा. देव आणि भक्त एकाच पंगतीला बसतात आणि त्या पंगतीतूनच समाज बांधला जातो. धर्माचे समाजजीवनातील स्थान आपल्याला १८९५ मध्ये उमगले आणि त्याचे श्रेय रॉबर्टसन स्मिथ यांच्याकडे जाते, असे दुर्खीम यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. दुर्खीम यांचे शिक्षक, इतिहासकार फ्युस्तेल द कुलांझ यांनी १८६४ मध्येच ग्रीक आणि रोमन नगरांच्या मुळाशी कुलाचा अग्नी आणि पितरांची पूजा आहे, असे दाखवले होते.

आता रसेल-हिरालाल यांची प्रस्तावना उघडा. जातीच्या जेवणावळीचा अर्थ लावताना तिथे रॉबर्टसन स्मिथ येतात, कुळाचा विचार करताना फ्युस्तेल येतात, देवकांविषयी (कुळाने पवित्र मानलेला प्राणी वा झाड) लिहिताना मानववंशशास्त्रज्ञ फ्रेझर येतात. म्हणजे मध्यप्रांतातला एक सनदी अधिकारी आणि त्याचा भारतीय सहकारी, पॅरिसमध्ये दुर्खीम जी पुस्तके वाचत होते तीच पुस्तके वाचून इथल्या जातपंगतींकडे पाहत होते. माहिती इथून जात होती आणि सिद्धान्त त्याच वाटेने परत येत होता. ज्यांच्याविषयी ही माहिती होती त्या समाजातला एक जण तर १९१६ साली, हे वाद जिथे चालत होते त्या खोलीत जाऊनही बसला होता. पाठ्यपुस्तकांत या तिसऱ्या गोष्टीला जागा का नाही, हा माझा प्रश्न आहे.

इतवारी पेठ

धागा आवडला. वेबर यांच्याविषयी थोडी भर घालतो, कारण त्यांच्या नावावर 'हिंदू परलोकवादी, म्हणून मागासलेले' असे एक स्वस्त विधान खपवले जाते आणि ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. १९०४-०५ मधील प्रॉटेस्टंट नीतीवरच्या निबंधात त्यांचा प्रश्न मर्यादित होता: हिशेबी, शिस्तबद्ध, मिळालेला नफा पुन्हा धंद्यात घालणारी भांडवलशाही पश्चिम युरोपातच का रुजली, आणि काटकसर व अखंड श्रम यांना तिथे धार्मिक कर्तव्याचे वजन कसे आले. चीन, भारत आणि प्राचीन यहुदी धर्म यांवरचे पुढचे अभ्यास हे त्या प्रश्नाचे पडताळे आहेत. भारतात पैसा नव्हता किंवा हाव नव्हती, असे ते कुठेच म्हणत नाहीत.

जैनांविषयीचे त्यांचे विवेचन आमच्या बाजारात वाचून दाखवावे असे आहे. सचोटी, संयम, परिग्रहावर मर्यादा, हे सगळे गुण वेबर यांना प्युरिटनांशी (कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंटांशी) ताडून पाहण्याजोगे वाटले. अहिंसेच्या कडक नियमामुळे शेती आणि अनेक उद्योग त्यांना वर्ज्य झाले, म्हणून ते व्यापारात आणि सावकारीत राहिले, कारखानदारीकडे गेले नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. इथे मला अडचण दिसते. नागपुरातली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केली. ते पारशी. पारशी नीती आणि प्रॉटेस्टंट नीती यांची तुलना करणारा रॉबर्ट केनेडी यांचा लेख १९६२ मध्ये आला, आणि त्यात सत्यवचन, श्रम आणि ऐहिक सुखाविषयीची अनुकूलता ही पारशी धर्मातली बीजे दाखवली आहेत. पण जमशेटजींनी नागपूरच का निवडले, याचे उत्तर झरथुष्ट्राकडे नाही. इथे कापूस होता, १८६७ मध्ये रेल्वे आली होती आणि कोळसा जवळ होता. वेबर यांनाही हे मान्य झाले असते असे मला वाटते, कारण आपण भौतिक कारणांच्या जागी केवळ आध्यात्मिक कारणे बसवत नाही, हे त्यांनी त्या निबंधाच्या शेवटी बजावले आहे. तो शेवट मात्र कोणी वाचत नाही.

मिल्टन सिंगर यांनी मद्रासच्या उद्योजकांचा प्रत्यक्ष अभ्यास करून १९७२ मध्ये दाखवले की माणसे कर्मसिद्धान्त मानतात आणि कारखानाही चालवतात. घरातले सोवळे आणि कारखान्यातले व्यवहार यांची ते बेमालूम वाटणी करतात. ग्रंथांतून धर्म वाचण्याची वेबर यांची पद्धत इथे तोकडी पडते.

संत्राबर्फी

धंतोलीकर सर, १९१६ च्या आणखी चार वर्षे मागे जाऊन १९१२ हे सालही जोडावे असे सुचवते. त्या वर्षी दुर्खीम यांचा धार्मिक जीवनाच्या मूलरूपांवरचा ग्रंथ आला. ऑस्ट्रेलियातील अरुंटा लोकांचा त्यातला तपशील स्पेन्सर आणि गिलन यांच्या क्षेत्रकार्यावरून घेतलेला आहे. दुर्खीम स्वतः तिकडे गेले नव्हते. पण पहिल्याच प्रकरणात धर्माची व्याख्या करताना त्यांना आधार लागतो तो बौद्ध धर्माचा. देवाशिवाय धर्म असू शकतो का, या प्रश्नाला त्यांनी बौद्ध धर्माकडे बोट दाखवून होकार दिला. देव नसला तरी तिथे पवित्र गोष्टी आहेत, आणि त्या म्हणजे चार आर्यसत्ये व त्यांतून निघणारे आचरण, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून धर्माची खूण देव ही नसून पवित्र आणि लौकिक यांतली विभागणी ही आहे, आणि त्या पवित्राभोवती एका नैतिक समुदायात बांधली गेलेली माणसे हा धर्माचा देह आहे.

आता 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढून चौथा खंड वाचा. बाबासाहेब तिथे उलट्या टोकाने सुरुवात करतात. धर्म ही खाजगी बाब आहे, ती आपल्यापाशी ठेवावी, असे लोक म्हणतात. धम्म मात्र सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, पण दोन माणसे कोणत्याही नात्याने एकत्र राहू लागली की धम्म हवाच. दुर्खीम बुद्धाला धर्माच्या व्याख्येत आणून बसवतात आणि बाबासाहेब त्याला त्या व्याख्येतून बाहेर काढतात, पण दोघांनाही एकच गोष्ट धरून ठेवायची आहे, ती म्हणजे नीतीचे सामाजिक मूळ. गोल्डनवायझर यांनी देवकप्रथेवर १९१० मध्ये ग्रंथ लिहिला होता आणि ते दुर्खीम यांचे टीकाकार होते. त्यामुळे कोलंबियात हे वातावरण होतेच.

वेबर यांचे मत याच्या बरोबर विरुद्ध. मूळ बौद्ध धर्म हा राजकारणापासून अलिप्त, फिरत्या सुशिक्षित भिक्षूंचा मोक्षमार्ग आहे आणि समाज बदलण्याशी त्याला कर्तव्य नाही, असे त्यांनी मांडले. हे पुस्तक इंग्रजीत १९५८ मध्ये आले, म्हणजे आपल्या दीक्षाभूमीवरच्या घटनेनंतर दोन वर्षांनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी लाखो लोकांना स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या नीट पाहिल्या तर त्यांचे वजन 'काय मानणार' यापेक्षा 'काय करणार आणि काय करणार नाही' यावर अधिक आहे. मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेणार नाही. रॉबर्टसन स्मिथ यांनी विधी आधी म्हटले होते. इथे विधी मोडण्यापासून नवा समुदाय सुरू होतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची जी दुकाने लागतात ती ज्यांनी पाहिली असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल. रात्रभर प्रवास करून आलेली पांढऱ्या साडीतली आजी एका हातात डब्याची पिशवी सांभाळत दुसऱ्या हाताने प्रतिज्ञांची पुस्तिका निवडते, नातवाला वाचायला लावते, मग किंमत विचारते. आमच्याकडे तीर्थाहून प्रसाद आणतात तशी तिथून पुस्तके घरी जातात. वेबर यांनी प्रॉटेस्टंट घरातल्या बायबलविषयी जे लिहिले त्याच्या जवळ जाणारे काही असेल तर ते हे आहे, आणि ते त्यांना अपेक्षित नसलेल्या ठिकाणी आहे.

तर्कतीर्थ नाही

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. समाजशास्त्रज्ञ धर्माचा अभ्यास करतो. धर्म देत नाही. दुर्खीम आणि वेबर यांच्या शेजारी आंबेडकरांना बसवले की दोन वेगळ्या कामांची सरमिसळ होते. १९१६ चा निबंध समाजशास्त्रात नक्कीच मोडतो, १९३६ चे 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हा राजकीय-नैतिक हस्तक्षेप आहे, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा धर्मग्रंथ म्हणून लिहिला गेला, तसाच तो वाचलाही जातो. त्यांचे मोठेपण यात कमी होत नाही. पण विद्याशाखेच्या इतिहासात कोणाला घ्यायचे याची कसोटी अभ्यासपद्धती ही असावी, आपली आत्मीयता नव्हे. मूल्यनिरपेक्षतेचा, म्हणजे अभ्यासात स्वतःची मते न आणण्याचा, आग्रह वेबर यांनी धरला तो याचसाठी.

धंतोलीकर

आक्षेप योग्य ठिकाणी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अभ्यास करणारा धर्म देत नाही ही कसोटी लावायची तर पहिला बळी कोंत यांचाच जातो. 'समाजशास्त्र' हे नाव रूढ करणाऱ्या या गृहस्थाने उत्तरायुष्यात मानवतेचा धर्म स्थापन केला, त्याला पंचांग दिले, संतांच्या जागी थोर पुरुष बसवले आणि प्रमुख पुरोहिताची भूमिका स्वतःकडे ठेवली. दुर्खीम यांची गोष्ट इतकी ढोबळ नाही, पण फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकात चर्चच्या हातून शाळा काढून घेतल्यावर मुलांना नीती कशाच्या आधारावर शिकवायची, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत होता आणि भावी शिक्षकांपुढे ते त्यावर व्याख्याने देत. पुरोहिताचे घराणे सोडून आलेला रब्बीचा (यहुदी धर्मगुरूचा) मुलगा पवित्राची जागा शोधतो आहे, असेही त्यांच्या ग्रंथाकडे पाहता येते. वेबर यांनी स्वतःला धर्माच्या बाबतीत संगीताचा कान नसलेला माणूस म्हटले होते, पण त्यांच्या आईची कळकळीची प्रॉटेस्टंट धार्मिकता विसरून प्रॉटेस्टंट नीतीवरचा तो निबंध वाचता येत नाही.

दुसरे असे की पद्धतीची कसोटी लावूनही काही नावे गाळली गेली आहेत. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १९०३ मध्ये अटलांटा विद्यापीठातून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चचा सर्वेक्षणावर आधारलेला अभ्यास प्रकाशित केला: सदस्यसंख्या, मालमत्ता, मुलाखती, शाळकरी मुलांची उत्तरे, सगळे त्यात आहे. अनुभवाधिष्ठित धर्मसमाजशास्त्राचा तो अगदी आरंभीचा नमुना आहे आणि तो कित्येक दशके अभ्यासक्रमांच्या बाहेर राहिला. आंबेडकरांनी १९४६ च्या सुमारास द्यु बॉइस यांना पत्र लिहिले होते, हे इथे लक्षात घ्यावे.

विठ्ठल रामजी शिंदे यांचेही तसेच. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी तौलनिक धर्माचा अभ्यास केला, परत येऊन १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, आणि १९३३ मध्ये अस्पृश्यतेच्या प्रश्नावर मराठीत ग्रंथ लिहिला. त्यात ऐतिहासिक साधने, भाषेचे पुरावे आणि स्वतः फिरून केलेली पाहणी एकत्र आहेत. त्यांना 'समाजसुधारक' या रकान्यात टाकून आपण मोकळे झालो.

धम्मग्रंथाला समाजशास्त्र म्हणू नये, हे तुमचे म्हणणे मात्र मला पटते. माझा दावा इतकाच आहे की धर्माला सामाजिक गोष्ट म्हणून पाहण्याची दृष्टी ज्या वादांतून घडली, त्यांत हा माणूस वाचक आणि भाष्यकार म्हणून उपस्थित होता. 'हिंदुत्वाचे तत्त्वज्ञान' या त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेल्या लेखनात रॉबर्टसन स्मिथ यांचे दीर्घ उतारे आहेत. ते त्यांनी अलंकार म्हणून घेतलेले नाहीत. प्राचीन धर्मात देव आणि समाज एकाच रक्ताचे मानले जात, आधुनिक धर्मात न्याय हा निकष आला, हा पुढचा युक्तिवाद त्या उताऱ्यांवरच उभा केला आहे.

महाल गल्ली

एवढ्या पॅरिस-न्यूयॉर्कच्या चर्चेत घरच्या मारबतीला विसरू नका, मंडळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मिरवून शेवटी जाळायचे दोन मोठे पुतळे, निघतात. पिवळी जागनाथ बुधवारीची. परंपरा १८८५ पासूनची सांगतात, काळीची त्याच्याही चार वर्षे आधीची. पुढे-मागे बडगे, म्हणजे थट्टेचे पुतळे, ज्यांवर त्या वर्षीचे खड्डे, महागाई, पुढारी, परदेशी शत्रू असे जे काही डोक्यात असेल ते लटकवलेले असते. 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी अरुंद गल्लीत हजारोंच्या तोंडून एकदम उठते तेव्हा खिडकीत उभ्या असलेल्या माणसाचीही मान डोलू लागते. शेवटी दहन.

फ्रेझर यांनी पाहिले असते तर ही मिरवणूक थेट आपल्या 'बळीचा बकरा' या खंडात घातली असती, जो १९१३ मध्ये आला: गावाचे अरिष्ट एका वस्तूवर चढवून ती हद्दीबाहेर नेणे. दुर्खीम यांना तीत दुसरे काही दिसले असते, गर्दीतून उसळणारे सामूहिक चैतन्य, ज्याच्या अनुभवालाच माणसे पुढे देवपणा देतात. मला दोन्ही अर्धवट वाटतात. काळी मारबत नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बांकाबाईशी जोडणारी कथा इथे घरोघरी सांगितली जाते, इंग्रजांना साथ दिल्याचा राग म्हणून. पिवळीपुढे मात्र बाया लहान मुलांना ठेवून नवस फेडतात. एकाच मिरवणुकीत एक पुतळा धिक्काराचा आणि दुसरा पूजेचा आहे, आणि बडगे म्हणजे तर फिरते वर्तमानपत्रच. पवित्र कुठे संपते आणि लौकिक कुठे सुरू होते, ते मला कोणीतरी दाखवावे.

एम.ए. भाग दोन

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. धाग्याचा फार उपयोग होतो आहे, त्याबद्दल सर्वांचे आभार. लघुप्रबंधासाठी 'नागपुरातील तरुणांमधील धार्मिकतेची घट' असा विषय घ्यावा असा विचार आहे. लौकिकीकरणाच्या, म्हणजे आधुनिकतेबरोबर धर्माचा प्रभाव ओसरतो या, सिद्धान्तावर टिपणे काढली आहेत, पण घट मोजायची कशी हे उमगत नाही. मंदिरात किती वेळा जाता, असे विचारून चालेल का?

जनगणक

बाई, विषय ठरवण्यापूर्वी मोजमापाचा इतिहास पाहून घ्या, कारण तुमच्या सिद्धान्ताचा जन्मच मोजमापातून झाला आहे. ३० मार्च १८५१ या एका रविवारी इंग्लंड आणि वेल्समधील चर्चमधली उपस्थिती सरकारने मोजली आणि जाऊ शकणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग गेलाच नाही, हे पाहून तिथे खळबळ माजली. फ्रान्सने १८७२ नंतर जनगणनेत धर्म विचारणे बंद केले, म्हणून गाब्रिएल ल ब्रा यांनी १९३१ पासून पॅरिशवार (प्रत्येक चर्चच्या हद्दीनुसार) धार्मिक आचाराच्या नोंदी जमवण्याची मोहीम सुरू केली आणि त्यातून १९४७ मध्ये ग्रामीण फ्रान्सचा धार्मिक नकाशा तयार झाला. दोन्हींत गृहीत असे की धर्म म्हणजे सदस्यत्व आणि रविवारची हजेरी. हजेरी घटली तर धर्म घटला.

१९६६ मध्ये ब्रायन विल्सन आणि १९६७ मध्ये पीटर बर्गर यांनी आधुनिकतेबरोबर धर्माचा सामाजिक अधिकार ओसरतो असे मांडले ते या पार्श्वभूमीवर. थॉमस लुकमान यांनी त्याच सुमारास बजावले होते की धर्म संस्थेतून निघून खाजगी जीवनात अदृश्य रूपाने राहतो. १९९४ मध्ये ग्रेस डेव्ही यांनी ब्रिटनविषयी दाखवले की लोक चर्चचे सदस्य राहत नाहीत, पण श्रद्धा ठेवतात. आणि १९९९ मध्ये बर्गर यांनीच जग पूर्वीइतकेच धार्मिक आहे असे लिहून आपली जुनी भूमिका मागे घेतली. आपल्याकडे त्रि. ना. मदन यांनी १९८७ मध्येच विचारले होते की ज्या समाजांत धर्म हा जीवनाचा वेगळा कप्पा नाही, तिथे हा सिद्धान्त कितपत लागू करावा.

भारतीय जनगणनेने हजेरी कधी विचारलीच नाही. ती विचारते, तुमचा धर्म कोणता, आणि उत्तर एका शब्दात घेते. त्या एका शब्दाच्या मागे काय असते याचा धडा आपल्याच राज्यात आहे. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ मध्ये बौद्ध २,४८७ होते. १९६१ मध्ये ते २७,८९,५०१ झाले. धर्माच्या रकान्यात दहा वर्षांत एवढी उलथापालथ क्वचितच कुठे झाली असेल, आणि तीही युरोपातले विद्वान ओहोटीचे सिद्धान्त मांडत होते त्याच काळात. पण हा आकडाही कमीच मानावा. अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. तोवर 'बौद्ध' लिहिले की सवलतीचा प्रश्न उभा राहत असे, म्हणून घरी बुद्धवंदना आणि कागदावर जुनी जात अशी कित्येक कुटुंबे होती. प्रगणक दारात उभा असताना बाप एक सांगतो आहे आणि मुलगा आतून दुसरे ओरडून सांगतो आहे, हा प्रसंग या कामात असलेल्या कोणालाही नवा नाही. २०११ मध्ये राज्यात ६५,३१,२०० बौद्ध नोंदले गेले.

तेव्हा मंदिरात किती वेळा जाता हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण तोच एक विचारलात तर १८५१ चा रविवार नागपुरात आणल्यासारखे होईल. ताजबागेच्या दर्ग्यात चादर चढवणारा हिंदू तरुण तुमच्या तक्त्यात कुठे बसेल? मंदिरात न जाणारा, पण मारबतीत बडग्याला खांदा देणारा?

तर्कतीर्थ नाही

जनगणक साहेबांशी सहमत, आणि याच कारणासाठी इरावतीबाई कर्वे यांचा वारीवरचा लेख सुचवतो. तो 'परिपूर्ती' या संग्रहात मराठीत १९४९ मध्ये आला आणि १९६२ मध्ये इंग्रजीत अमेरिकेतल्या नियतकालिकात छापला गेला. बाई घुर्ये यांच्या विद्यार्थिनी, बर्लिनच्या पीएच.डी., पण त्या तिथे प्रश्नावली घेऊन गेल्या नाहीत, चालत गेल्या. एका दिंडीत ब्राह्मण आणि मराठा एका सुरात अभंग म्हणतात, आणि मुक्कामावर चुली वेगळ्या मांडतात, हे त्यांनी टिपले आणि ते त्यांना जाचले. ज्या प्रदेशातले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्याही त्यांना त्याच वाटेवर सुचली. दुर्खीम यांचा नैतिक समुदाय आणि वेबर यांची जातीची भिंत या दोन गोष्टी एकाच मुक्कामावर, एकाच संध्याकाळी दिसतात, हे मराठी गद्यात याहून स्वच्छ कोणी लिहिल्याचे मला ठाऊक नाही. धंतोलीकरांच्या यादीत हे नाव नसणे ही मोठीच उणीव आहे.

एम.ए. भाग दोन

विषय बदलला आहे. 'घट' हा शब्द काढला. आता एकाच वस्तीतल्या तरुणांना त्यांनी वर्षभरात धर्माच्या नावाने कोणाकोणाबरोबर काय केले, कुठे जेवले, वर्गणी कोणाला दिली आणि कोणत्या कार्यक्रमाला मुद्दाम गेले नाहीत, एवढेच विचारायचे ठरवले आहे. 'तुमचा धर्म कोणता' हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवते आहे. मार्गदर्शकांनी तो पहिला हवा असे सांगितले आहे, त्यामुळे त्यांच्याशी बोलावे लागेल. रसेल-हिरालाल यांचे चारही खंड वाचायचे की प्रस्तावना पुरेल?

धंतोलीकर

प्रस्तावना असलेला पहिला खंड पूर्ण वाचा. पुढच्या तीनपैकी गोंड, महार, तेली आणि कुणबी यांचे लेख घ्या, आणि प्रत्येक लेख कोणाच्या टिपणांवरून तयार झाला आहे ते तळटिपेत पाहून ठेवा. तिथे तहसीलदार, शाळामास्तर आणि वकील यांची नावे सापडतात. कोणत्या हुद्द्याच्या माणसाने कोणत्या जातीविषयी माहिती पुरवली, याचा वेगळा तक्ता केलात तर तुमच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण त्यातूनच निघेल.